दुखणं बॉलला, शेक खांद्याला

मागच्या वर्षी श्रावणापासून दिवाळीपर्यंत माझा उजवा खांदा शेकला जात होता. विश्रामबागेत एका फिजिओथेरपिस्टकडे पंधरा सिटिंग झाली, घरी गरम पाण्याची रबरी पिशवी, रात्री निर्गुडीचं तेल. "वय झालं की हे व्हायचंच," असं मला सत्तेचाळिसाव्या वर्षी चार जणांनी सांगितलं. खांद्याला काहीही झालं नव्हतं. आजारी होता तो माझा बॉल. हे कळल्यावर सासूबाई जे म्हणाल्या ते आधी लिहून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत राहून जाईल: "दुखणं म्हशीला आन् इंजेक्शन पखालीला."

मी बोलिंग खेळते. क्रिकेटमधली नव्हे, दहा पिनांची; जड बॉल लांब पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, गडगडवत टोकाच्या पिना पाडायच्या ती. सांगलीत हा खुलासा आधीच करावा लागतो, कारण इथं बोलिंग म्हटलं की पुढचा प्रश्न "स्पिन का फास्ट?" असाच येतो. विजय हजारेंच्या जन्मगावात तो यायलाच हवा, माझी तक्रार नाही.

खेळायला लागले बेंगळुरूत. तिथं अकरा वर्षं नोकरी केली, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. ऑफिसच्या लोकांची दर गुरुवारी संध्याकाळी लीग असायची. पहिली दोन वर्षं तिथल्याच रॅकवरचे बॉल वापरले; भोकं कुणाच्याही बोटांना होतील अशी ढगळ, वर टवके उडालेले. २०१६ मध्ये स्वतःचा घेतला. चौदा पौंडी, म्हणजे साधारण सहा किलो साडेतीनशे ग्रॅम. गडद निळा, आत चांदीच्या रेघा. ड्रिल करणाऱ्याने माझ्या पंज्याचं माप शिंप्यासारखं घेतलं होतं. मधलं बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आत, अंगठा पूर्ण आत. त्या दिवशी पहिला टाकलेला बॉल लेनच्या शेवटी असा काही वळला की शेजारच्या लेनवरची दोन मुलं खेळायची थांबली. (स्ट्राइक, म्हणजे एका बॉलमध्ये दहाही पिना, नाही झाला. सात पडल्या.)

त्या वळण्याला आम्ही हुक म्हणतो, आणि बॉलच्या एकूण वागण्याला रिअ‍ॅक्शन. ती येते कुठून हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वाटायचं, माझ्या मनगटातून.

थोडं मनगटातून येतंच. पण लेन ही काही नुसती लाकडी किंवा सिंथेटिक पाटी नसते. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नाही त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंत ती साठ फूट असते आणि त्यातल्या पहिल्या चाळीसेक फुटांवर मशीनने तेल ओढलेलं असतं. किती? एका लेनवर पाच-सहा चमचे. लांबून दिसतही नाही. या तेलावरून बॉल घसरत जातो, स्वतःभोवती तिरका फिरत असला तरी जमिनीला धरत नाही. मग तेल संपतं, शेवटचे वीस फूट कोरडे येतात, तिथं बॉल जमीन पकडतो आणि वळतो. आधी घसरणं, मग वळणं, मग सरळ गडगडत पिनांत शिरणं. पायताण घालून ओल्या मोरीतून धावत कोरड्या फरशीवर आलात तर तुमचंही हेच होतं, फक्त तुम्ही पिनांवर आपटत नाही.

आता ही पकड बॉलच्या सालीची. माझ्या बॉलची साल रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनची आहे. हा प्रकार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याआधी युरेथेन, त्याआधी प्लॅस्टिक, त्याआधी कडक रबर आणि अगदी पूर्वी चक्क लाकूड. रेझिनच्या सालीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. त्यामुळे ती लेनवरचं तेल आत ओढून घेते, पृष्ठभाग कोरडा राहतो आणि शेवटी चांगली पकड मिळते. गोम इथेच आहे. ज्या गुणामुळे बॉल वळतो त्याच गुणामुळे तो मरतो. कोरं मातीचं मडकं पाणी पितं, पण किती दिवस पिणार? छिद्रं भरली की साल तेल ओढत नाही, उलट अंगावर घेऊन फिरते आणि कोरड्या भागातही घसरत राहते.

हे सगळं मी आता शहाण्यासारखं लिहितेय. तेव्हा मी काय केलं ते ऐका.

२०२० मध्ये लॉकडाउनच्या आधी आम्ही सांगलीला परत आलो. घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या तळमजल्यावर माणूस बुडेल इतकं होतं. त्यानंतर सासूबाईंनी घरात एक कायदा केला: किमतीची वस्तू खाली ठेवायची नाही. कागदपत्रं, पैठण्या, मिक्सर, सगळं माळ्यावर. मी बॉलची किंमत सांगायची चूक केली. तोही गेला माळ्यावर, पत्र्याखाली. शेवटच्या गुरुवारी खेळून पिशवीत टाकलेला, न पुसलेला, तेलासकट. एप्रिल-मे महिन्यात तो पत्रा हाताला चटका देतो. तिथं माझा बॉल दोन उन्हाळे राहिला.

गंमत म्हणजे त्याला पुराची भीतीच नव्हती. सगळे बोलिंग बॉल आकाराने जवळपास सारखेच असतात, साडेआठ इंच व्यासाचे, वजन तेवढं वेगळं. त्यामुळे बारा पौंडांच्या आतला बॉल पाण्यावर तरंगतो आणि त्यावरचा बुडतो. माझा चौदा पौंडी तळाला जाऊन गाळात स्वस्थ बसला असता. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. "मग गाळात बस म्हणावं," एवढंच त्या म्हणाल्या.

२०२२ मध्ये मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि मला निमित्त मिळालं. महिन्यातून दोनदा तिच्याकडे जायचं, रविवारी सकाळी चार-पाच गेम खेळायचे, दुपारच्या गाडीने परत. मिरज स्टेशनवर एकदा हमालाने माझी पिशवी बाहेरून चाचपली आणि विचारलं, "भोपळा हाय का ताई? तंबोऱ्याचा?" मिरजेत गोल आणि जपून धरलेली वस्तू म्हटल्यावर दुसरं काय असणार. उचलली मात्र आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच ती परत हातात घेतली.

बेंगळुरूत माझी एका गेमची सरासरी एकशे बावन्न गुण होती. पुण्यात एकशे चाळीसने सुरू झाली. म्हटलं, दोन वर्षांचा गंज आहे, उतरेल. तो उतरला नाही, सरासरीच उतरली: एकशे चौतीस, एकशे एकोणतीस. लेनवर एकोणचाळीस पट्ट्या असतात, प्रत्येक जेमतेम इंचभर रुंद, आणि आम्ही सगळा हिशोब पट्ट्यांत करतो. मी उजव्या हाताची. माझा बॉल लेनवर काढलेल्या बाणांपैकी उजवीकडून दुसऱ्यावरून, म्हणजे दहाव्या पट्टीवरून बाहेर जायचा आणि वळून सतराव्या-अठराव्या पट्टीशी आत शिरायचा. पहिल्या पिनच्या अगदी मधोमध नव्हे, तर ती आणि तिच्या उजवीकडची यांच्या फटीत. त्या फटीला पॉकेट म्हणतात. आता तो चौदाव्या पट्टीपर्यंतच यायचा. मग मी उभी राहायची जागा दोन पट्ट्या उजवीकडे सरकवली. काही महिन्यांनी आणखी दोन. मग निशाण बदललं. मग वेग कमी केला. मग मनगट जास्त फिरवायला लागले, आणि खांदा दुखायला लागला तो तेव्हा. म्हणजे खांदा खरंच दुखत होता, पण ते कारण नव्हतं, परिणाम होता.

बॉल एका रविवारी अचानक मेला असता तर मला त्याच दिवशी कळलं असतं. तो दर खेपेला थोडा थोडा जात होता आणि मी दर खेपेला थोडी थोडी सरकत होते. एखाद्याला कमी ऐकू यायला लागलं की घरातले नकळत मोठ्याने बोलायला लागतात ना, तसं. दोन वर्षांनी बघितलं तर मी लेनच्या उजव्या कडेला उभी राहून जवळजवळ सरळ बॉल टाकत होते. सरळ बॉलने पिना पडत नाहीत असं नाही, पण तो पिनांत शिरल्यावर आपटून बाजूला फेकला जातो. पॉकेटमध्ये साधारण सहा अंशांच्या कोनातून शिरलेला बॉल आतपर्यंत घुसतो आणि पिना एकमेकींना पाडतात. सरळ टाकलेल्याला एक-दोन अंश मिळाले तरी खूप. माझ्याकडे दर दुसऱ्या बॉलला उजव्या कोपऱ्यातली दहा नंबरची पिन उभी राहायची. एकटी, ढिम्म.

मधल्या काळात एका सेंटरवरच्या मुलाने उपाय सुचवला. त्यांच्याकडे बॉल चकाकवायचं मशीन होतं. "मॅडम, पॉलिश करून देतो, नव्यासारखा होईल." झालाही. आरशासारखा. त्यात मी माझा चेहरा बघितला आणि खूश होऊन पैसे दिले. त्या दिवशी तो आणखी दोन पट्ट्या कमी वळला.

अर्थात तसंच होणार होतं. पॉलिशने पृष्ठभाग गुळगुळीत होतो, बॉल जास्त लांबपर्यंत घसरतो. काही बॉल मुळातच पॉलिश केलेले येतात, त्यांना ते चालतं. माझा कारखान्यातून आला तोच मंद, दोन हजार नंबरच्या कागदाने घासलेला. त्याला चकाकी म्हणजे दुखण्यावर दुखणं. आतलं तेल होतं तिथंच राहिलं. त्या मुलाला दोष देत नाही. चकाकणारी वस्तू चांगल्या स्थितीत असते असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

कळलं ते ऑक्टोबर हीटमध्ये. त्या वेळी आम्ही गाडीने गेलो होतो. येताना कराडला जेवायला थांबलो, बॉल डिकीत. भर दुपार, गाडी उन्हात, तासभर आम्ही आत. नंतर डिकीत पाण्याची बाटली शोधताना पिशवीत हात घातला तर बॉल ओला. वाटलं बाटली सांडली. पुसला. हातरुमाल पिवळट झाला. मिनिटाभरात पुन्हा बारीक थेंब, घाम फुटल्यासारखे. बोटावर घेऊन चोळलं तर बुळबुळीत. पाणी नव्हतंच ते, लेनचं तेल होतं. बेंगळुरूतल्या न जाणो कुठल्या गुरुवारचं तेल कराडच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये बाहेर येत होतं.

नवरा म्हणाला, "हे इतकं सगळं आत होतं?" मी खांदा चोळत उभी होते.

(गाडीच्या डिकीत बॉल ठेवू नका. मला त्यातून शोध लागला, तरीही सांगते. साल आणि आतला गाभा उष्णतेने सारखे फुगत नाहीत, बॉल तडकू शकतो. गाभा आणि साल हे दोन वेगळे पदार्थ आहेत हे विसरून चालत नाही.)

घरी आल्यावर वाचन केलं, बेंगळुरूच्या ड्रिलवाल्याला फोन केला. तो हसला. "शेवटचं कधी साफ केलंत?" मी २०१९ म्हटलं. तो पुन्हा हसला. साठेक गेम झाले की तेल काढायचं आणि पृष्ठभाग नवा करायचा, असा त्याच्या दुकानाचा ठोकताळा. माझे चारशेच्या वर झाले असतील. त्याच्याकडे तेल काढायचं यंत्र होतं, मंद उबेत बॉल फिरवणारं. माझ्याकडे आमच्या सासऱ्यांचा तांब्याचा बंब होता.

पाणी पंचावन्न अंशांचं हवं. साठच्या वर नको. उकळतं तर नाहीच नाही. बंबाचं पाणी कधी चटका देणारं, कधी कोमट, तेव्हा मापाची सोय हवी होती. मावसभाऊ दूध संकलन केंद्रावर असतो, त्याच्याकडून दुधात तरंगत ठेवायचा थर्मामीटर आणला. प्लॅस्टिकची बादली, तळाला जुना टॉवेल म्हणजे बॉल आणि बादली दोघंही शाबूत राहतील. बोटांच्या भोकांवर चिकटपट्टी, आत पाणी जाऊ नये म्हणून. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. वीस मिनिटं.

मोरीत हे चाललेलं असताना सासूबाई आल्या. दिवाळी आठवड्यावर होती.

"काय करालीस गं?"

"बॉलला आंघोळ घालतेय आई."

त्यांनी बादलीत डोकावून बघितलं. "उटणं लाव की मग. अभ्यंगस्नान हाय तर नीट कर."

"तेल आधीच लावलंय त्याला. चारशे वेळा."

दहा मिनिटांत पाण्यावर सप्तरंगी तवंग आला. रस्त्यावर पावसात पेट्रोल सांडतं तसा. वीस मिनिटांनी बॉल काढला, सुती कपड्याने लगेच पुसला, कारण गार झाला की तेल परत आत जायला बघतं. पाणी फेकलं, नवं घेतलं. दुसऱ्या पाण्यालाही तवंग. तिसऱ्यालाही. सासूबाई पाट घेऊन मोरीच्या दाराशी बसल्या होत्या आणि प्रत्येक पाण्याला "अजून हाय" म्हणत होत्या. पाचव्या पाण्याला त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हा मी थांबले. मग बॉल उन्हात नाही, पंख्याखाली, भोकं खाली करून रात्रभर.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेंटरकाकांनी सल्ला दिला की थिनर लावा, एका हातात सगळं तेल निघेल. निघेलही, पण साल मऊ पडेल. अमेरिकेत हा उद्योग मुद्दाम करून झालेला आहे. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून नावाच्या व्यावसायिक खेळाडूने प्लॅस्टिकचे बॉल एमईके नावाच्या द्रावणात भिजवून मऊ केले. मऊ बॉलने लेन अशी काही धरली की त्या वर्षी तो त्यांच्या व्यावसायिक संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा नियमच नव्हता. पुढे बॉलच्या कडकपणाची किमान मर्यादा ठरली आणि स्पर्धेत कडकपणा मोजायला लागले. काकांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे फायदा होतो की." काकांना समजावण्यात अर्थ नव्हता. अ‍ॅसिटोन, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही रेझिनच्या बॉलजवळ नेऊ नका.

तेल गेलं, पण काम अर्धंच झालं होतं. हे मला पुण्याला एक फेरी फुकट घालवल्यावर कळलं. बॉल थोडा सुधारला, दोनेक पट्ट्या. बाकीचं कुठं गेलं?

उत्तर सासूबाईंच्या स्वयंपाकघरात होतं. आमच्याकडे अजून पाटा-वरवंटा आहे. पूर्वी टाकीवाल्या यायच्या, "पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी देत. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, नुसती पसरते. मग छिन्नीने ठोकून त्याला पुन्हा खडबडीत करायचं. बॉलचंही हेच. कारखान्यातून तो बारीक ओरखड्यांसकट येतो. ते ओरखडे तेलातून वाट काढतात, जमीन लवकर धरतात. शेकडो वेळा लेनवरून गडगडल्यावर बॉलच्या ज्या भागावर तो फिरतो तिथले ओरखडे घासून जातात. माझ्या बाबतीत उरलेले त्या पॉलिशवाल्याने घालवले होते. तेल पिणं हे एक दुखणं आणि गुळगुळीत होणं हे दुसरं. एकाच्या औषधाने दुसरं बरं होत नाही, आणि लक्षण मात्र दोघांचं एकच: बॉल वळत नाही. मी दोन्ही एकच समजून चालले होते.

सासूबाईंचा उपाय होता राखेने घासायचा. तत्त्व बरोबर आहे हो! पण राख सगळीकडे एकसारखी नसते, आणि इथं सगळा खेळ ओरखड्याच्या मापाचा. त्यासाठी फोमची पाठ असलेल्या गोल चकत्या मिळतात, पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार अशा नंबरांच्या. नंबर जितका मोठा तितका ओरखडा बारीक. मी आधी गणपती पेठेतून वॉटर पेपर आणला, स्वस्त म्हणून. तो कडक असतो. त्याची घडी पडली त्या जागी बॉलवर एक सरळ चर पडला, तो अजून नखाला लागतो. नंतर निमूटपणे चकत्या मागवल्या.

दुकानांत बॉल फिरवायचं यंत्र असतं. मी बॉल सासूबाईंच्या लुगड्याच्या चुंबळीवर ठेवला. घागरीसाठी वळतात ती चुंबळ, त्यावर बॉल असा बसतो की जणू तिच्यासाठीच केलाय. प्रश्न होता हाताचा. माझा हात एका बाजूला जास्त जोर देत होता. तेव्हा मिरजेला माझ्या ओळखीचे एक सतार बनवणारे आहेत, त्यांच्याकडे गेले. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना आता जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचा सरकारी शिक्का, मिळालंय, पण त्यांच्या दुकानात तसा काही फरक पडलेला दिसला नाही. तेच लाकडाचा भुसा, तेच लाखेचे वास. ते जवारी काढत बसले होते. सतारीच्या घोडीवर तारांनी घासून घासून चर पडतात, आवाज बसका होतो, मग घोडीचा माथा पुन्हा घासून तार अलगद टेकेल असा उतार द्यायचा. माझं ऐकून त्यांनी बॉल मांडीवर घेतला, डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि वॉटर पेपरचा चर बरोबर शोधला.

"ही घाई केली तुम्ही," ते म्हणाले. "हातानं दाबू नका. पाणी ठेवा, चकतीला तिचं काम करू द्या. आणि मोजा. इकडं शंभर फेरे तर तिकडंही शंभर."

मोजले. बॉलच्या सहा बाजू धरायच्या: वर, खाली आणि चार कडा. प्रत्येक बाजूला आधी पाचशेची चकती, पाण्यासकट, शंभर फेरे. मग हजार. मग दोन हजार. सहा बाजू, तीन चकत्या, अठराशे फेरे. पाचशेच्या वेळी निळं, दुधाळ पाणी निघालं आणि बॉल धुरकट, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा दिसायला लागला. मला वाटलं, गेला. दोन हजारपर्यंत येता येता तो २०१६ मध्ये पिशवीतून काढला होता तसा दिसला. मंद, न चकाकणारा. मग पुन्हा एकदा आंघोळ घातली आणि बघा, दोन पाण्यांना अजून तवंग आला. घासल्यामुळे बुजलेली छिद्रं उघडली होती. पुढच्या वेळी आधी हलकं घासेन आणि मग आंघोळ घालेन. क्रम उलटा झाला माझा.

त्यानंतरच्या रविवारी पुण्यात पहिला बॉल टाकला तो माझ्या नव्या सवयीने: उजव्या कडेला उभी राहून, मनगट पिळून. तो चाळीस फुटांवर गेला आणि एकदम डावीकडे निघाला. पहिली पिन पूर्ण चुकवून पलीकडे, सात नंबरच्या पिनकडे. मुलगी मागे बसली होती, ती म्हणाली, "आई, हा कुणाचा बॉल आहे?" दुसराही तसाच. मग मी बेंगळुरूची जागा आठवून बावीसाव्या पट्टीवर जाऊन उभी राहिले आणि हात सैल सोडला. पॉकेट. दहा नंबरची पिन जरा डुगडुगली आणि पडली.

सगळं परत आलं असं म्हणणार नाही. सरासरी एकशे सेहेचाळीसवर अडकली आहे. कोरड्या लेनवर जुनी रिअ‍ॅक्शन मिळते, तेल जास्त असलं की शेवटच्या दोन पट्ट्या कमी पडतात. दोन उन्हाळे पत्र्याखाली काढलेल्या सालीत काहीतरी कायमचं बदललं असणार. शिवाय नऊ वर्षांचा बॉल आहे. नवा घ्यावा का, हा विषय घरात निघाला होता. माझं मत: आधी जुना नीट सांभाळून दाखवावा.

सांभाळायचं म्हणजे फार नाही. प्रत्येक वेळी बॉल टाकून परत आला की मायक्रोफायबरच्या कपड्याने तेलाच्या रेघा पुसायच्या. बॉल फिरताना दर वेळी थोडा थोडा कलतो, त्यामुळे एकाऐवजी दहाबारा रेघा दिसतात. त्या दिसेनाशा होईपर्यंत पुसायच्या. खेळून झाल्यावर, बॉल अजून उबदार असताना, आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमध्ये मिळतं, सुई टोचण्याआधी कापसाला लावतात तेच. (म्हणजे अखेर इंजेक्शन म्हशीलाच.) लेनवर स्पर्धा चालू असताना मात्र हे चालत नाही, तिथं फक्त कोरडा कपडा. घरी बॉल खालच्या खोलीत, पलंगाखाली, सावलीत. हा कायदा बदलून घ्यायला मला तीन दिवस लागले. आणि गेम मोजायचे. पन्नास झाले की आंघोळ, शंभर झाले की चकत्या.

मोजायला वही केली होती, ती हरवली. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायला लागले, जिथं सासूबाई दुधाचा हिशोब ठेवतात. रविवारच्या चौकोनात ५, कधी ६. मागच्या एक तारखेला दूधवाला आला, सासूबाईंनी चष्मा लावून बेरीज केली आणि त्याला अकरा लिटरचे जास्तीचे पैसे दिले. तो प्रामाणिक निघाला, संध्याकाळी परत आला. "आजी, त्या दोन रविवारी मी एकेकच लिटर घातलंय. बाकीचं कुणी घातलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.